मदत हवी आहे: वणव्याच्या अंदाजात गवताचं वाळणं कसं धरायचं?

एका मोठ्या प्रदेशासाठी रोजचा वणव्याचा धोका काढतोय, कॅनडाचा फायर वेदर इंडेक्स वापरून, म्हणजे दुपारी १२ चं तापमान, आर्द्रता, वारा आणि मागच्या २४ तासांचा पाऊस. डेटा ईआरए५ चा (जगभरच्या हवामानाचा मॉडेलवरून बनवलेला डेटासेट), वेळ स्थानिक धरलीय, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) नाही. इंडेक्समधल्या ओलाव्याच्या तीन कोडच्या (एफएफएमसी, डीएमसी, डीसी) सुरुवातीच्या व्हॅल्यूज नेहमीच्याच, अनुक्रमे ८५, ६ आणि १५.

अडचण अशी की हा इंडेक्स मुळात पाइनच्या जंगलातल्या पाल्यापाचोळ्यावर बेतलेला आणि माझ्याकडे निम्म्याहून जास्त भाग गवताळ. गवत हिरवंगार असतानाही दोन-तीन दिवस कोरडा वारा सुटला की इंडेक्स उडी मारतो, पण उपग्रहावर आगी दिसतच नाहीत, आणि असे खोटे इशारे वाढले की खऱ्या धोक्याच्या दिवशी लोक लक्ष देणार नाहीत, याचीच मला जास्त काळजी आहे. पर्सेंटाइलने कॅटेगरी लावून बघितल्या, जंगलात फरक पडला, गवतात नाही. जमिनीवर जाऊन ओलावा मोजणं शक्य नाही, फक्त उपग्रह आणि मॉडेलचाच डेटा, एनडीव्हीआय (उपग्रहावरून हिरवळ मोजणारा निर्देशांक) आहे.

तर एनडीव्हीआयवरून गवत किती टक्के वाळलंय ते काढून आयएसआयलाच (आग सुरुवातीला किती वेगाने पसरेल ते सांगणारा फायर वेदर इंडेक्सचा भाग) त्याचा गुणक लावू, की गवताळ भागासाठी मॅकआर्थरचा गवताचा इंडेक्स (ऑस्ट्रेलियातला, गवत किती वाळलंय ते धरणारा) वेगळा चालवू, आणि तसं केलं तर दोन्ही एकाच नकाशावर एका मापात कसे आणायचे?