एमएमसीचे पॉइंट आणि एकच मोकळा रविवार: कुठल्या सीएमईला जावं?

धायरी_क्लिनिक:
नमस्कार. धायरीत माझं लहान मुलांचं क्लिनिक आहे. शिवाय सिंहगड रोडवरच्या दोन प्रसूतिगृहांत डिलिव्हरीच्या वेळी बाळ घ्यायला, म्हणजे जन्मताच त्याला तपासायला आणि सांभाळायला, जाते. एमएमसीच्या, म्हणजे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलंय आणि त्यासाठी लागणारे सीएमईचे (डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाच्या कार्यक्रमांचे) पॉइंट थोडे कमी पडताहेत. पुढच्या महिन्यात एकच रविवार मोकळा मिळतोय. एकीकडे हिंजवडीला हॉटेलात दिवसभराची परिषद आहे, वक्ते मोठे, पॉइंट जास्त. दुसरीकडे एनआरपीची, म्हणजे नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनाची कार्यशाळा आहे. तिथे जागा मोजक्या, फी जास्त, पॉइंट कमी. एनआरपी मी पीजीला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणात, असताना केलंय. परत करण्यात अर्थ आहे का?

रास्ता_पेठ_बालरोग:
मॅडम, तुम्ही बाळ घ्यायला जाता हे वाचलं आणि माझ्यापुरता प्रश्न सुटला. एनआरपीला जा.

परिषदांना मी कधी नावं ठेवणार नाही. शॉकमधल्या, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलेल्या, मुलाला सलाइनचा बोलस (थोड्या वेळात एकदम दिलेलं सलाइन) किती आणि किती घाईने द्यायचा, यावर आमच्या पिढीचं मत बदललं ते अशाच सभागृहात बसून. २०११ साली आफ्रिकेतला फीस्ट अभ्यास आला, बोलस दिलेल्या मुलांमध्ये मृत्यू जास्त दिसले, आणि त्यावर किती वाद झाले ते आजही आठवतं. पण अशी माहिती ‘इंडियन पेडियाट्रिक्स’ हे नियतकालिक नियमित वाचलं तरी हाती लागते. मास्क धरायला मात्र कुणीतरी शेजारी उभं राहूनच शिकवावं लागतं.

मी कार्यशाळांत प्रशिक्षक म्हणून बसतो, तिथे दर वेळी एकच दृश्य दिसतं. चांगला अनुभवी डॉक्टर मॅनिकिनच्या (सरावाच्या बाहुलीच्या) तोंडावर मास्क दाबून धरतो, जबडा वर उचलत नाही. कडेने हवा सुटते, छाती हलत नाही, म्हणून तो बॅग आणखी जोरात दाबतो. आपण फक्त मान किंचित सरळ करून द्यायची आणि जबडा मास्ककडे ओढून धरायला सांगायचं. तीच बॅग, तेवढाच दाब, आणि छाती उठते. मग ‘ब्रीद, टू, थ्री’ म्हणत मिनिटाला ४० ते ६० श्वास. न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात मुख्यतः हेच हवं असतं. छातीवर दाब द्यायची वेळ फारच थोड्या बाळांवर येते. पीजीला केलेलं काही महिन्यांतच हातातून उतरायला लागतं, त्यामुळे ‘एकदा झालंय’ हे धरून चालू नका.

दुसरं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं: एकट्या जाऊ नका. रात्री अडीचला फोन येतो तेव्हा त्या पहिल्या मिनिटात तुम्ही जिन्यावर असता, बाळाजवळ सिस्टर असते. आयएपीच्या, म्हणजे बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, एनआरपी उपक्रमात नर्सिंग स्टाफसाठी बेसिक कोर्स असतो. दोन्ही प्रसूतिगृहांच्या मालकांशी स्पष्ट बोला, निदान एकेका सिस्टरची फी त्यांनी भरावी. आणि परत आल्यावर महिन्यातून एकदा वॉर्मरपाशी (बाळाला ऊब देणाऱ्या टेबलापाशी) दहा मिनिटं उभ्या राहा. बॅग तळहातावर दाबून व्हॉल्व्ह बघायचा, ० आणि १ नंबरचे मास्क जागेवर आहेत का, सक्शन ओढतंय का, लॅरिंगोस्कोपचा (घशात बघायच्या उपकरणाचा) दिवा लागतो का. हे सिस्टरकडूनच करून घ्या, तुम्ही नुसतं बघा. या दहा मिनिटांचे पॉइंट कुठलीच कौन्सिल देणार नाही, तरी मी ते इतर कशाहीपेक्षा वर धरतो.

कोथरूड_डीसीएच:
सरांशी सहमत. पॉइंटचं एवढंच बघा: पाच वर्षांत ३० लागतात, एका रविवारावर सगळं अवलंबून नसतं. फी भरायच्या आधी आयोजकांना विचारा की एमएमसीची मान्यता हातात आली आहे का. ‘अर्ज केलाय’ असं उत्तर आलं तर थांबा. जेवणानंतर निघून जाऊ नका, एमएमसीचे निरीक्षक हजेरी बघतात. उरलेले पॉइंट आयएमए किंवा बालरोग संघटनेच्या संध्याकाळच्या छोट्या सीएमईंतून भरून निघतील.

नांदेड_सिटी_जीपी:
मी बालरोगतज्ज्ञ नाही, पण माझ्या ओपीडीत निम्मी मुलंच असतात. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडे जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम, मज्जातंतूंवर परिणाम होऊन हातपाय कमजोर करणारा आजार) रुग्ण निघाले तेव्हा जुलाबानंतर पाय दुखतात म्हणून आलेल्या मुलाकडे कसं बघायचं, हे आम्हा जीपींना, म्हणजे फॅमिली डॉक्टरांना, कुणीतरी बसून सांगायला हवं होतं. अशा सीएमई फक्त तज्ज्ञांपुरत्या का असतात?

रास्ता_पेठ_बालरोग:
डॉक्टर, अगदी बरोबर बोललात. उभं राहायला सांगा, जमिनीवरून उठायला सांगा, गुडघ्याचे रिफ्लेक्स बघा. आणि १५ वर्षांखालच्या मुलात अचानक लुळेपणा आला की कारण जीबीएस वाटलं तरी ती एएफपीची (अचानक आलेल्या लुळेपणाची, पोलिओ देखरेखीतली) केस म्हणून कळवायचीच. पोलिओ तपासणीसाठी शौचाचे दोन नमुने, मध्ये किमान २४ तास, लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत. जीबीएस वाटतं म्हणून कळवायचं राहू नये. तुमच्या भागातले पंधरा-वीस जीपी जमत असतील तर मी येऊन बोलेन, मानधन नको. जागा तेवढी बघा.

धायरी_क्लिनिक:
सर, एनआरपीला नाव दिलं. एका प्रसूतिगृहाने सिस्टरची फी लगेच भरली, दुसरे ‘स्टाफ टिकत नाही, शिकवून काय उपयोग’ म्हणताहेत. त्यांच्या सिस्टरची फी मी भरतेय. जीपींच्या बैठकीसाठी माझ्या क्लिनिकच्या वरचा हॉल मिळेल, बुधवारी संध्याकाळी रिकामा असतो. आणि सरावासाठी मॅनिकिन कुणाकडे भाड्याने किंवा उसनं मिळेल का? दोन्ही प्रसूतिगृहांत मिळून एकच पुरेल.