मातीतनं क्ले बॉल्समध्ये हलवलेली झाडं रुसून बसलीत, परत मातीत घालू का?

तिसरा_मजला_विश्रामबाग
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या. सांगलीत विश्रामबागला राहतो, गॅलरी पूर्वेला, घरात मिळून दहाबारा झाडं. माती सगळी माहेरची, नदीकाठच्या रानातली, वडलांनी प्रेमानं सिमेंटच्या पोत्यात भरून आणून दिलेली काळीभोर. पिकाला सोनं असेल पण कुंडीत वैताग. उन्हाळ्यात आकसून कुंडीच्या कडेनं फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतनं सरळ खाली बशीत, आणि पावसाळ्यात चार चार दिवस चिखल. त्यात ती बारकी काळी चिलटं. सासूबाईंच्या चहात चिलट पडलं त्या दिवशी ठरवलं की घरातली माती बंद.

मग रील्स बघून बघून ते मातीचे भाजलेले गोळे मागवले, लेका म्हणतात ते. दहा लिटरची पिशवी, किंमत इथं लिहीत नाही, घरातले वाचतात. जूनच्या शेवटी पाच झाडं हलवली, मनी प्लांट, सिंगोनियम, पीस लिली, मॉन्स्टेरा आणि झीझी. गोळे नळाखाली एकदा विसळले, मुळांची माती झटकली, काचेच्या बरण्यांत भरलं आणि अर्ध्या बरणीपर्यंत पाणी. पाणी बोअरचं, आमच्या बिल्डिंगला वापरायला तेच आहे. कमी झालं की वरनं ओतत राहिले.

आता दीड महिना झाला. मनी प्लांट ठीक. सिंगोनियमची खालची पानं एकेक करून पिवळी. पीस लिलीच्या पानांची टोकं करपलीत आणि ती दुपारी मान टाकते. मॉन्स्टेराची बरणी हलवली की गटारीसारखा वास. झीझीला काहीच नाही, ते तसंही प्लास्टिकचंच वाटतं. शिवाय वरच्या गोळ्यांवर पांढरी साय धरलीय मिठासारखी. खत काही दिलेलं नाही कारण व्हिडिओत "नो मेंटेनन्स" म्हटलं होतं. माझं चुकलं कुठं? आणि परत मातीत घालू का?

फुकट_सल्ला_मिरज
लेका लेका काय लावलंय लेका 😄 मला आधी वाटलं कुणीतरी पोराला हाक मारतंय. असो, मला काही कळत नाही यातलं, उत्तरं वाचायला बसलोय.

गोडोलीची_हिरवळ
ताई, मी साताऱ्याला, चार वर्षं झाली यात, पहिल्या वर्षी निम्मी झाडं घालवली त्यामुळं हक्कानं बोलते.

सगळ्यात आधी मॉन्स्टेरा बाहेर काढा, आजच. वास येतोय म्हणजे मुळं कुजलीत. हाताला बुळबुळीत लागतात आणि ओढलं की साल निघून आत दोरा राहतो, ती सगळी कात्रीनं कापा, कात्री पुसून घ्या मधे मधे. पांढरी टणक राहिलेली ठेवा. होतं काय, मातीत वाढलेली मुळं मातीतल्या हवेच्या पोकळ्यांना सरावलेली असतात, ती अचानक पाण्यात बुडाली की गुदमरतात. झाड मग नव्यानं पाण्याला चालतील अशी मुळं काढतं, ती जाडसर पांढरी दिसतात, पण तोपर्यंतचे चार-सहा आठवडे झाड बिचारं अर्ध्या मुळांवर जगतं. थोडी जुनी मुळं जाणारच, त्यात घाबरण्यासारखं नाही. तुमची जास्त गेली कारण पाणी अर्ध्या बरणीपर्यंत! पाणी तळाला, फार तर बरणीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत, आणि मुळांची टोकं त्याच्या थोडी वर. मधले गोळे पाणी वर ओढतात. तेवढ्यासाठीच तर ते असतात, नाहीतर नुसत्या पाण्याच्या बाटलीत मनी प्लांट आपल्या आज्या लावतच होत्या.

दुसरं, एकदा विसळून भागत नाही. ते गोळे म्हणजे चिकणमाती फिरत्या भट्टीत साधारण १२०० अंशाला भाजून फुगवलेली असते, आत जाळी आणि वर कडक कवच, आणि पिशवीत सगळा लाल भुगा. मी बादलीत पाच-सहा पाणी काढते, मग २४ तास भिजत ठेवते. कोरडे गोळे तसेच लावले तर ते आधी स्वतःच पाणी पितात, मुळांच्या तोंडचं काढून घेऊन.

आणि काळी माती झटकून निघत नाही हो. ती मुळाला चिकटून बसते आणि ओल्या बरणीत तीच सडते. कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवायचं, मग बोटांनी, शेवटी जुन्या टूथब्रशनं हलक्या हातानं. पीस लिलीला मला दीड तास लागला होता, नवरा म्हणाला पोरांचे केस इतक्या प्रेमानं धुतले नाहीस कधी.

काचेची बरणी दिसायला छान पण उजेडात आत शेवाळ धरतं. मी श्रीखंडाचे एक किलोचे डबे वापरते, तापवलेल्या खिळ्यानं बाजूला तळापासून दोन बोटं वर भोक पाडायचं, जास्तीचं पाणी आपोआप निघून जातं. वरनं हवं तर शोभेच्या कुंडीत ठेवा.

खताचं मला नीट सांगता येत नाही, मी बाटलीवर लिहिलंय तसं घालते.

बागायतदार_तासगाव
ताई राम राम. आमच्या घरात शोभेचं झाड एकपण नाही, द्राक्षबाग हाय. पण तुमची पोस्ट वाचून हसू आलं, कारण तुम्ही जे केलंय त्याचा अनुभव आमच्या भागात लई जणांनी घेतलाय, फक्त एकरात.

तुमचं झाड एकाच वेळी उपाशी बी हाय आणि खारट बी खायलंय. करपलेली टोकं आणि पांढरी साय हे बोअरच्या पाण्यातले क्षार. पाणी उडून जातंय, क्षार जाग्यावर राहतोय, तुम्ही वरनं परत तेच पाणी ओतताय, म्हणजे दर आठवड्याला मीठ वाढत चाललंय. नदीकाठच्या जमिनी अशाच चोपण झाल्या, पाणी भरमसाठ आणि निचरा नाही. तुमच्या बरणीला तर भोकच नाही. आणि खालची पानं पिवळी म्हणजे नत्र नाही. मातीत काहीतरी शिल्लक असतंय, माती सांभाळून घेती, या गोळ्यांत खायला शून्य हाय. नो मेंटेनन्स म्हणणाऱ्याला एकदा आमच्याकडं पाठवा.

आधी पाण्याचा ईसी बघा, म्हणजे पाण्यात क्षार किती हायत ते. आरओवाल्याकडं टीडीएसचं पेन असतंय, त्यावर १००० दिसलं तर ईसी साधारण २ धरायचा. घरातल्या झाडाला खत मिसळून सगळं मिळून १ च्या आसपास असावं असं माझं मत, तुमचं नुसतं पाणीच त्याच्या पुढं असणार.

खत महाग बाटलीतलं घ्यायची गरज नाही, कुठल्यापण कृषी सेवा केंद्रात विद्राव्य खतं मिळतात, आम्ही ड्रिपमधनं सोडतो तीच. पण एक ध्यानात ठेवा, नुसतं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं) आणून टाकू नका. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतंय, ते जमिनीतले जिवाणू फोडतात तेव्हा मुळाला नीट मिळतंय. तुमच्या धुतलेल्या गोळ्यांत जिवाणू कुठनं आणणार? शिवाय त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम नाही. त्यापेक्षा कॅल्शियम नायट्रेट, १३:०:४५, थोडं ०:५२:३४, मॅग्नेशियम सल्फेट आणि चिमूटभर सूक्ष्म अन्नद्रव्यं. सगळं मिळून लिटरला अर्धा ग्रॅमच्या वर सुरुवातीला जायचं नाही. कॅल्शियम नायट्रेटचं घट्ट द्रावण दुसऱ्या कशात बी ओतायचं नाही, फुटलेल्या दुधागत साका तळाला बसतो. वेगळ्या बाटलीत ठेवायचं, आणि देताना भरपूर पाण्यात एक विरघळलं की दुसरं.

गोडोलीची_हिरवळ
वा दादा, हे युरियाचं मला माहीत नव्हतं. म्हणूनच १९:१९:१९ वर माझं ॲग्लोनिमा दोन महिने तसंच फिकट होतं. ताई, मी एक जोडते, आत्ता लगेच खत नका देऊ. आजारी माणसाला बासुंदी नको. नवी मुळं दिसेपर्यंत साधं पाणी किंवा अगदी पातळ.

विटा_आणि_कोळसा
हे सगळं वाचून डोकं गरगरलं. ज्याला निसर्गानं मातीत घातलंय त्याला बाहेर काढून वर बाटल्यांनी दूध पाजायचं कशाला? काळ्या मातीत निम्मं शेणखत, थोडी वाळू, कोकोपीट घाला, निचरा होतो. चिलटांसाठी वरची दोन इंच माती वाळू द्या, त्यांची अंडी-अळ्या ओल्या मातीत असतात. आणि गोळेच हवेत तर विटांचे तुकडे घ्या की, माझी ऑर्किडं वीट-कोळशावर आठ वर्षं आहेत, शून्य खर्च.

गोडोलीची_हिरवळ
ऑर्किडला वीट-कोळसा चांगलाच, वाद नाही. त्याला तळाला पाणी साठवायचं नसतं. पण साठ्यावर ठेवायच्या झाडाला मी विटा वापरून बघितल्यात, सहा महिन्यांत कडा झिजून तळाला लाल गाळ, आणि डबा उचलायला दोन माणसं. आणि तुळस वगैरे मातीतच राहू दे हं ताई, सगळंच हलवायचं काही व्रत नाही घेतलेलं.

बागायतदार_तासगाव
विटावाले दादा, मातीचं तुमचं म्हणणं मला पटतंय 😄 पण ताईंनी पैसे खर्च करून झालेत.

कोरडा_दिवस
झाडांतलं कळत नाही पण मी आरोग्य विभागात फिल्डवर असते, दारोदार टाक्या आणि कुंड्यांखालच्या बश्या बघत फिरायचं काम. गोळ्यांच्या फटीतनं डास खाली पाण्यापर्यंत जाऊ शकतो. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातनं एकदा पाणी पूर्ण ओतून द्या, नुसतं वरनं भरू नका. आणि बरणी आतनं घासा, अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. एवढं केलं तर खुशाल ठेवा.

तिसरा_मजला_विश्रामबाग
बापरे, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. पलूसचे मामा द्राक्षवालेच आहेत, त्यांचा ईसी मीटर मागून आणला. आमचं बोअरचं पाणी १.९! आणि सिंगोनियमच्या बरणीतलं तळाचं पाणी ४ च्या वर. मामा म्हणाले हे पाणी बागेला दिलं असतं तर तुझ्या मामीनं मला घराबाहेर काढलं असतं.

आता आरओच्या मशीनचं जे पाणी नळीतनं वाया जातं ते वापरू का? बादलीभर रोज जातं, जीव तुटतो.

बागायतदार_तासगाव
नको नको नको. गाळून राहिलेला सगळा क्षार त्याच पाण्यात असतोय, ते बोअरपेक्षा वाईट. फरशी पुसा त्यानं. आत्ता पाऊस हाय तर गच्चीवरचं पावसाचं पाणी धरा, पहिल्या सरीचं सोडून द्या, गच्ची धुतलेली घाण असती. तीन भाग पावसाचं, एक भाग बोअरचं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतंय, त्यामुळं असं मिसळलं तर ती दोन खतं फार कमी लागतात. नुसतं पावसाचं वापरलं तर मात्र दोन्ही द्यावी लागतील. आणि नवीन पान पिवळं पण शिरा हिरव्या असं दिसलं तर लोह कमी पडतंय. आपल्या पाण्याचा सामू (पीएच) साडेसातच्या वर असतो, तिथं साधं ईडीटीए लोह टिकत नाही, ईडीडीएचए मागा दुकानात, गडद तांबडी पूड असती.

फुकट_सल्ला_मिरज
घरात एक मनी प्लांट आहे त्याच्याकडं आता भीतीनं बघतोय.

तिसरा_मजला_विश्रामबाग
पाच आठवड्यांनी कळवतेय, उशीर झाला, मधे गणपती होते.

मॉन्स्टेराची मुळं कापून कापून दोनच उरली होती, आशा सोडली होती. श्रीखंडाच्या डब्यात लावला, वरनं मोठी प्लास्टिकची पिशवी सैल घातली दमटपणासाठी, तळाला बोटभरच पाणी. तीन आठवडे काही नाही. परवा डब्याच्या भोकातनं पांढरं मूळ बाहेर डोकावलं, मी ओरडले तर सासूबाईंना वाटलं पाल पडली. सिंगोनियमचं पिवळं पडणं थांबलं, दोन नवी पानं आलीत, लहान आहेत पण हिरवीगार. गोळे सगळे काढून दोन दिवस पावसाच्या पाण्यात भिजवले, पाणी तीनदा बदललं, पांढरी साय गेली. आता दर रविवारी डबे सिंकमध्ये नेऊन वरनं पाणी सोडते, नवं भरते आणि आतनं घासते, आरोग्यवाल्या ताई बघताय ना. खत सुरू करून दहा दिवस झालेत.

पीस लिली मात्र परत मातीत घातली. विटावाले दादांचं ऐकलं, शेणखत-वाळू-कोकोपीट मिसळून. ती तिकडं खूश आहे, मान टाकायची बंद झाली, आणि खरं सांगायचं तर दीड तास टूथब्रश करायचं माझ्यात बळ नव्हतं. झीझीला अजूनही काहीच नाही.

एकच अडचण राहिलीय, पाऊस संपल्यावर पाणी कुठलं वापरायचं? दोन ड्रम भरून झाकून ठेवलेत, ते नोव्हेंबरपर्यंत जातील.

गोडोलीची_हिरवळ
एसीचं पाणी. त्यात क्षार नसतात, फक्त सर्व्हिसिंगनंतरचे पहिले काही दिवस सोडा. नाहीतर आरओचं चांगलं पाणी आणि बोअर मिसळून, पाच झाडांना आठवड्याला लागतं किती, तीन-चार लिटर. पीस लिलीचं बरं केलंत.

बागायतदार_तासगाव
बेस्ट. मामांचा मीटर दिला का परत? ऑक्टोबर छाटणी आली तोंडावर, त्यांना लागंल.

तिसरा_मजला_विश्रामबाग
काल रात्रीच त्यांचा फोन आला होता. रविवारी नेऊन देते, जाताना एक सिंगोनियमची फांदीपण नेतेय मामीला, मातीत लावलेली.