काँग्रेसचा सभासद नेमका कशाचा सभासद असतो?

पारावरचा (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात घराची डागडुजी काढली, तेव्हा माळ्यावरची आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली. आत काँग्रेसच्या सभासद नोंदणीचं पावतीपुस्तक निघालं, १९४६ चं. पावत्या फाडून दिलेल्या, स्थळप्रती शाबूत. नाव, वाडी, चार आणे. सात-आठ जणांपुढे बारीक अक्षरात "बाकी". एकापुढे तर "भात झोडल्यावर देतो म्हणाला" असंही लिहिलंय. म्हणजे त्या चवन्नीसाठी आजोबा त्याच्या दारात निदान दोनदा गेले असणार, चहा झाला असणार, सोसायटीच्या गप्पा झाल्या असणार.

२०२१-२२ ची नोंदणी मोबाइलवरही झाली. ओटीपी आला की झालात सभासद. अर्जावर दारू पिणार नाही आणि पक्षावर जाहीर टीका करणार नाही, अशा शपथा होत्या. पहिली शपथ किती जणांनी पाळली हे विचारत नाही. दुसरी मात्र सगळ्यांकडून काटेकोर पाळून घेतली जाते.

आता या सभासदाला हक्क काय? १७ ऑक्टोबर २०२२ ला अध्यक्षपदाची निवडणूक झाली. ९,३८५ मतं पडली, खर्गेंना ७,८९७, थरूरांना १,०७२, बाकीची बाद. देशभरातल्या सभासदांपैकी मत देणारे साडेनऊ हजारही नाहीत, कारण मत असतं फक्त प्रदेश प्रतिनिधींना. हे प्रतिनिधी खालून निवडून यायचे असतात. आपल्या ब्लॉकमधून कोण गेलं, हे तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये रायपूरच्या अधिवेशनात कार्यसमितीची, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च निर्णय समितीचीही निवडणूक नको ठरलं, नावं अध्यक्षांनी ठरवायची. शेवटची खरी निवडणूक १९९७ ची, कोलकात्याची.

आणि मग नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेत अवघे १६ आमदार आले की आपण विचारतो, बूथवर माणसं का नव्हती. कशाला असतील? ज्याला काही ठरवता येत नाही तो मतदानाच्या दिवशी घरचा डबा घेऊन सकाळी सहाला का येईल?

---

सातारी जर्दा

दादा, पावतीपुस्तक वाचून भरून आलं, पण निदान चुकलं. काँग्रेस महाराष्ट्रात केडरचा पक्ष कधी होती? आमच्याकडे "सभासद" म्हटलं की काँग्रेसचा नव्हे, कारखान्याचा. दिवाळीची साखर, उसाला वेळेवर तोड, सोसायटीचं कर्ज, पोराला कॉलेजात ॲडमिशन. माणूस पक्षाला बांधलेला होता तो या चार दोऱ्यांनी. कार्यसमितीची निवडणूक होते की नाही हे माझ्या चुलत्याला ठाऊक नव्हतं, आणि ते आयुष्यभर पंजावर शिक्का मारत आले.

दोऱ्या ज्यांच्या हातात होत्या ते गेले. २०१९ ला विखे गेले, २०२४ ला अशोक चव्हाण गेले. त्यांच्यामागे त्यांचे जिल्हे गेले. कराड दक्षिणेत पृथ्वीराज बाबा पडले, संगमनेरला थोरात पडले, ते अंतर्गत लोकशाही नाही म्हणून नव्हे. समोरच्याकडे सत्ता आहे आणि खात्यात महिन्याला दीड हजार पडत होते म्हणून. ओटीपी नि पावतीपुस्तक यात फरक पडला असता तर इतर पक्षांनी मिस्ड कॉलवर केलेल्या नोंदण्या फुकट गेल्या असत्या.

---

आडगावची

जर्दा भाऊ, मग सांगलीचं काय करायचं?

२०२४ च्या लोकसभेला वाटाघाटीत जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाला गेली. जिल्ह्यातली काँग्रेस नको नको म्हणत होती, वरून उत्तर आलं की आघाडी धर्म पाळा. विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि भाजपच्या संजयकाकांना लाखाच्या फरकाने पाडून आले. आघाडीच्या अधिकृत उमेदवाराचं डिपॉझिट गेलं. कारखान्याची साखर वाटून नव्हे. कार्यकर्त्याने ठरवलं, वरच्यांचं ऐकायचं नाही.

खालची माणसं मेलेली नाहीत. त्यांना विचारलं जात नाही.

---

मिरज जंक्शन

ताई, आम्ही इथलेच. कार्यकर्त्याने वगैरे ठीक आहे, पण आडनाव पाटील आणि आजोबा वसंतदादा नसते तर? दुसरा कुणी निष्ठावंत ब्लॉक अध्यक्ष असा अपक्ष राहिला असता तर ती बातमी आतल्या पानावर आली असती.

---

आडगावची

२०१९ ला तेच आडनाव, तेच आजोबा, तीच सांगली. फक्त तेव्हा जागा स्वाभिमानीला सोडली होती आणि त्यांच्या चिन्हावर उभं राहावं लागलं. पडले. नुसत्या नावाने होत असतं तर तेव्हाच झालं असतं.

---

मिरज जंक्शन

तेव्हा वंचितच्या पडळकरांनी तीन लाख मतं घेतली होती, ते विसरलात. पण चला, अर्धं मान्य.

---

लीड्सचा पाऊस

धागाकर्त्यांचं औषध आमच्या इथे, ब्रिटनमध्ये, देऊन झालंय, म्हणून चार ओळी.

लेबर पक्षात नेता सभासद निवडतात. २०१५ ला तर तीन पौंड भरून "समर्थक" म्हणून कुणालाही मत देता येत होतं. खासदारांना नको असलेले कॉर्बिन ५९.५ टक्क्यांनी निवडून आले. लोक रांगा लावून सभासद झाले, आकडा पाच लाखांवर गेला. आमच्या शेजारच्या आजीबाईही झाल्या होत्या, वयाच्या ७४ व्या वर्षी, संध्याकाळी पत्रकं टाकायला निघायच्या.

नंतर नेतृत्वाची दिशा बदलली, सभासद ओसरले, २०२४ अखेर सव्वातीन लाखांच्या आसपास राहिले. त्याच वर्षी पक्ष प्रचंड बहुमताने सत्तेत आला, हे लक्षात घ्या. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उपनेतेपदाची निवडणूक झाली तेव्हा मतदान किती? १६.६ टक्के. घरबसल्या मत देता येत असूनही सहांतल्या पाच जणांनी ते दिलं नाही. आजीबाईंनी सभासदत्वच सोडलंय. कारण विचारलं तर गाझा म्हणाल्या, मग पेन्शनरांचा हिवाळ्याचा इंधनभत्ता म्हणाल्या, मग हात झटकला.

तेव्हा मताचा हक्क द्या, जरूर द्या. पण निवडून दिल्यावर पक्ष काय करतो याच्याशी त्या मताचा संबंध दिसला नाही, तर हक्क असूनही माणूस घरी बसतो.

---

माजी बूथप्रमुख

मी अकरा वर्षं एका पक्षाचं काम केलं. नाव घेत नाही, या धाग्यातला असेल किंवा नसेल. मतदार यादी पानापानाने पाठ होती माझी. कोण मयत, कोण लग्न होऊन गेली, कोण ठाण्याला शिफ्ट झालं, पेन्सिलने खुणा केलेल्या. एके दिवशी तालुक्याहून मुलगा आला, टॅब घेऊन. यादी आता यात, म्हणाला. मी म्हटलं माझ्या खुणा? त्याला कळलंच नाही मी काय विचारतोय.

माझ्या वॉर्डातून उभं राहायची इच्छा होती. सांगायला लाज कसली. पण २०२२ पासून कित्येक वर्षं निवडणूकच झाली नाही. मुंबई-पुण्यासकट पालिकांवर प्रशासक होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार महिन्यांत घ्या म्हणून बजावलं, त्यालाही पुढे मुदतवाढ. इतकी वर्षं गल्लीतल्या कार्यकर्त्याला लढायला मैदान नव्हतं आणि तुम्ही चर्चा करताय कार्यसमितीची. नगरसेवक व्हायची आशा हेच आमचं मानधन होतं हो.

---

सातारी जर्दा

हे लाख बोललात. पण ही झळ सगळ्याच पक्षांना बसली. सत्तेतल्याचा कार्यकर्ता निदान कंत्राटावर तगला.

---

सूतकताई

एक अवांतर. आजोबांच्या चवन्नीवर सगळे हळवे झालेत म्हणून. चार आणे १९२० च्या नागपूर अधिवेशनात ठरले, त्याच वेळी भाषेप्रमाणे प्रदेश समित्याही. पण १९२४ ला बेळगावात, गांधी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष होते तिथे, चार आणे रद्द करून वर्गणी सुतात घ्यायची ठरली. महिन्याला दोन हजार वार. स्वतः कातायला जमत नसेल किंवा इच्छा नसेल तर दुसऱ्याने कातलेलं चालेल, अशी पळवाट त्यातच होती.

पुढचं ओळखलंच असेल. सूत विकत घेऊन भरणारे निघाले. बोगस नोंदणी म्हणतात ती ओटीपीच्या शंभर वर्षं आधीची आहे! सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्यात चार आणे परत आले. आणि गांधी स्वतः १९३४ नंतर चार आण्याचेही सभासद नव्हते, तरी पक्ष त्यांच्याभोवतीच फिरत होता. सभासदत्वाला इतकं मनावर घेऊ नये.

(डिसेंबर २०२४ ला त्याच बेळगावात शताब्दीची बैठक झाली आणि २०२५ हे संघटनेचं वर्ष जाहीर झालं. सुताचा विषय कुणी काढला नसावा.)

---

नवा गडी

इथे सगळे रडतच आहेत. बुलढाण्याचे हर्षवर्धन सपकाळ, जिल्हा परिषदेतून वर आलेला माणूस, फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदेशाध्यक्ष झाला ना? जिल्हाध्यक्ष निवडायला निरीक्षक जिल्ह्याजिल्ह्यात पाठवायचे, कार्यकर्त्यांशी बोलायचं, ही पद्धत गुजरातपासून सुरू झाली ना? आणि नोव्हेंबर २०२२ ला भारत जोडो यात्रेच्या शेगावच्या सभेला मी स्वतः होतो. देगलूरपासून लोक चालत आले होते, पायाला फडकी बांधून. त्यांना कुणी ओटीपी पाठवला नव्हता.

---

पारावरचा

गडीभाऊ, शेगावच्या गर्दीबद्दल शंका नाही. प्रश्न १९ तारखेचा आहे, सभेच्या दुसऱ्या दिवशीचा. ती फडकीवाली माणसं कुठल्या गावची, हे कुणाच्या वहीत आहे? आणि निरीक्षक बोलतात सगळ्यांशी, पण नावं पाठवतात दिल्लीला. सपकाळ चांगलेच आहेत, पण त्यांनाही नेमलंच. चांगला माणूस नेमला गेला, याला मी निवड म्हणत नाही.

लीड्सवाल्यांचं मला लागलं. मत मिळालं की माणूस आपोआप येईल असं मी धरून चाललो होतो, ते तितकं सोपं दिसत नाही. जर्दा भाऊंचं अजूनही पटत नाही. दोऱ्या गेल्या म्हणून माणसं गेली असतील, तर नव्या दोऱ्या कुणी वळायच्या? समोरच्याची सत्ता जायची वाट बघत बसायचं?

बूथप्रमुख काका, तुमची ती पेन्सिलच्या खुणांची यादी अजून आहे का?

---

माजी बूथप्रमुख

आहे. फ्रिजवर.