दांडपट्ट्याला स्वतंत्र नियम हवेत की तलवारीचेच पुरेत?

मूळ मत
सोलापुरात आमचा गट ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून, पात्रे रंगवून खेळायच्या कथाखेळाची पाचवी आवृत्ती, म्हणजे २०१४ चे नियम, मराठीतून खेळतो. सध्याचे कथानक सतराव्या शतकातल्या दख्खनसारख्या प्रदेशात घडत असल्यामुळे एका फायटरच्या (लढवय्या पात्राच्या) हाती दांडपट्टा आहे, आणि त्याला लाँगस्वोर्डचा, म्हणजे लांब तलवारीचा, इजा ठरवणारा आठ बाजूंचा फासा देऊन विषय संपवावा, असा गटातला एक सूर आहे. मला ते मान्य नाही. पट्ट्याचे वेगळेपण त्याने होणाऱ्या इजेत नसून तो हातात कसा बसतो यात आहे. खोबळ्यातली (हातावरच्या धातूच्या आवरणातली) आडवी मूठ धरली की मनगट वळत नाही आणि वार खांद्यातून व कमरेतून फिरवावा लागतो. म्हणून इजेचा फासा तलवारीचाच ठेवावा. परंतु पट्टा चढवायला किंवा उतरवायला ढालीप्रमाणे एक पूर्ण अ‍ॅक्शन (आपल्या पाळीतली मुख्य कृती) लागावी, तो चढवलेला असताना बॅटल मास्टर या फायटरच्या उपप्रकाराच्या ‘डिसआर्मिंग अटॅक’ने, म्हणजे हातातली वस्तू पाडणाऱ्या वाराने, पडू नये, आणि त्या हाताने औषधाची कुपी उघडणे, दोर धरणे किंवा मंत्राची मुद्रा करणे शक्य नसावे.

प्रतिसाद १ (विरोधात)
एका शस्त्रासाठी लिहिलेला खास नियम इतर नियमांवर कसा आदळतो, हे जाळ्याच्या उदाहरणावरून दिसते. २०१४ च्या पुस्तकात जाळ्याचा साधा पल्ला ५ फूट आणि लांब पल्ला १५ फूट आहे. शत्रू ५ फुटांच्या आत असेल तर फेकीच्या हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून कमी आकडा घेणे), आणि ५ फुटांपलीकडे असेल तर लांब पल्ल्यामुळे पुन्हा डिसअ‍ॅडव्हान्टेज. म्हणजे जाळे सरळपणे फेकण्याची संधी जवळपास कधीच येत नाही. २०२४ च्या सुधारित पुस्तकात ते शस्त्रांच्या तक्त्यातून काढून साहित्यात टाकावे लागले आणि हल्ल्याऐवजी समोरच्याचा डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईने निसटण्यासाठी टाकायचा फासा) आला. वास्तवाशी जुळण्याचा आग्रहही मला पटत नाही. पुस्तकातल्या गोफणीचा साधा पल्ला ३० फूट, म्हणजे सुमारे ९ मीटर आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानात पाखरे हाकणाऱ्याचा दगड त्याहून कितीतरी लांब जातो, तरी खेळ कुठे अडत नाही.

प्रतिसाद २
स्वतंत्र नियम हवेतच, पण त्यात मुख्य गोष्ट राहिली आहे. पट्टेकरी एकटा घोळक्याला दूर ठेवतो, ही त्याची ख्याती आहे. त्याला चाबकासारखा ‘रीच’, म्हणजे १० फुटांचा टप्पा, का देऊ नये?

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर
रीच दिल्याने नेमके उलटे होईल. अपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे संधी साधून करायचा जादा वार, शत्रू आपल्या टप्प्यातून बाहेर पडताना मिळतो, आत शिरताना नाही. टप्पा १० फुटांचा झाला की अंगाला भिडलेला शत्रू ५ फूट मागे सरकून शेजारच्या सोबत्यावर वळू शकतो, कारण तो अजून टप्प्यातच असतो. घोळका दूर ठेवणारा पट्टेकरी हवा असेल, तर ५ फुटांचा टप्पाच त्याला अधिक उपयोगी आहे.

जाळ्याच्या उदाहरणातून मी वेगळा निष्कर्ष काढतो. तिथे चूक खास नियम असण्याची नव्हती. तो सर्वसाधारण नियमांशी ताडून पाहिला गेला नाही, ही होती. वाघनखांबाबत आम्ही तसे ताडून पाहिले. त्यांना निःशस्त्र प्रहार मानले, तर ‘रोग’ (Rogue) या चोरट्या पात्राचा ‘स्नीक अटॅक’, म्हणजे संधी साधून जादा इजा करणारा वार, लागू होत नाही, कारण त्याला फिनेस (ताकदीऐवजी चपळाईनेही वापरता येणारे) किंवा दूर मारा करणारे शस्त्र लागते. आणि मुठीत लपवून जवळ गेल्यावर अचानक वापरण्याचे हत्यार त्या वाराला मुकले, तर ते ठेवण्यात अर्थ उरत नाही. म्हणून ती फिनेस असलेले, चार बाजूंच्या फाशाचे शस्त्र ठरली. गोफण मात्र पुस्तकाप्रमाणेच ठेवली आहे, कारण तिचा पल्ला वाढवला तर धनुष्य घेण्याचे कारणच कमी होते.

प्रतिसाद १
वाघनखांचा निर्णय मला मान्य आहे. पट्ट्याच्या बाबतीत माझा आक्षेप कायम आहे: खेळाडू ‘पट्टा चढवलेलाच आहे’ असे प्रत्येक वेळी सांगेल, आणि तुमची अ‍ॅक्शनची अट कागदावरच राहील.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर
त्याने तसे खुशाल सांगावे. मग भिंत चढताना, कुलूप उघडताना आणि दरबारात शिरताना त्याचा तो हात अडकलेलाच धरला जाईल, आणि पहारेकऱ्यांनी अडवले की एक अ‍ॅक्शन उतरवण्यात व एक पुन्हा चढवण्यात जाईल. पुढच्या सत्रात वाड्यात प्रवेश करायचा प्रसंग आहे. तिथे ही अट मी पहिल्यापासून लावणार आहे.