‘मुलाला ऑटिझम आहे’ एवढे सांगून भागत नाही. मग नेमके काय सांगावे?

निळी_छत्री (प्रश्न):
माझ्या ९ वर्षांच्या मुलाला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, आहे. परवा दवाखान्यात नंबर येण्याची वाट पाहत असताना वरचा पंखा करकरू लागला, तेव्हा त्याने दोन्ही कान घट्ट दाबून धरले आणि तो खुर्चीवर पुढेमागे झुलू लागला. शेजारच्या गृहस्थांनी विचारले म्हणून मी ‘त्याला ऑटिझम आहे’ एवढेच सांगितले. त्याबरोबर ते त्याच्या कानाशी वाकून, एकेक शब्द सुटा करत, मोठ्या आवाजात त्याचे नाव विचारू लागले. हेतू चांगला होता, पण व्हायचे तेच झाले. कोणी ‘दिसत तर नाही तसा’ म्हणते, तर कोणी तो गणितात अचाट असणार असे धरून त्याला लगेच मोठमोठे गुणाकार घालते. सांगावे तर हे असे, आणि न सांगावे तर मूल हट्टी व आई बेफिकीर ठरते. आपण काय सांगता?

उशिराची_गाडी:
ताई, मी स्वतः स्वमग्न आहे. निदान ३४व्या वर्षी झाले. अर्धा घोटाळा या शब्दातच आहे, कारण ‘स्वमग्न’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपल्याच तंद्रीत रमलेला, इतरांशी घेणेदेणे नसलेला माणूस उभा राहतो. मला माणसे हवी असतात. फक्त चौघे एकदम बोलू लागले की कोणाचे वाक्य कुठे संपले हेच मला कळेनासे होते. म्हणून अनोळखी माणसाला मी निदान सांगतच नाही, ‘गोंगाटात मला उत्तर द्यायला वेळ लागतो, जरा थांबा’ असे सांगतो. (‘थोडेफार आपण सगळेच तसे असतो’ हे वाक्यही त्यामुळे टळते.)

पानगळ:
वरील मत मला अर्धेच पटते. नाव न घेतल्यास दोष आईकडेच जातो, आणि त्याला जुना इतिहास आहे. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे वर्णन केले, तेव्हा ही अवस्था जन्मजात असावी असे म्हणतानाच पालकांच्या कोरडेपणाचीही नोंद केली. पुढे इतरांनी तीच नोंद ताणून आईला आरोपी केले. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञांनी, जे स्वतः अशाच एका मुलाचे वडील होते, कारण जैविक असल्याचे साधार मांडले, तरी ‘घरात कोणी बोलत नसेल त्याच्याशी’ हे मी अजून ऐकते. लशीमुळे ऑटिझम होतो या समजाचेही तसेच: ज्यावरून ती शंका पसरली तो १९९८ सालचा १२ मुलांवरचा लेख २०१० साली मागे घेतला गेला, शंका मात्र मागे घेतली गेली नाही. नातेवाईक आणि शिक्षक यांना नाव व कारण दोन्ही सांगावे. दवाखान्यातल्या गृहस्थांना कशाला?

निळी_छत्री:
आभार. आज पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो होतो. ‘त्याला ऑटिझम आहे, ऐकू चांगले येते, आवाज मात्र सहन होत नाही’ असे एका दमात सांगितले. समोरच्या बाई उठल्या आणि त्यांनी पंख्याचे बटण बंद केले. त्यानंतर उकाड्याची तक्रार दुसऱ्याच कोणी केली, तो भाग वेगळा.