रविवारी सकाळी बाहेर नाश्ता : 'घरचं' म्हणजे नक्की कोणाच्या हातचं?

दुपारची_झोप (धागाकर्ती)

काल सोसायटीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली. मूळ लिखाण इथल्याच एका ज्येष्ठ सभासदांचं आहे असं नंतर कळलं. थोडक्यात अशी : रविवारी सकाळी हॉटेलांबाहेरच्या रांगा बघून वाईट वाटतं, घरी वीस रुपयांत होणारे पोहे बाहेर दीडशेला खाणारी ही पिढी, आमच्या आया पहाटे उठून करायच्या, पण कधी कुरकुरल्या नाहीत. शेवटी जोडलेले हात आणि एक गुलाबाचं फूल.

दोन ओळींत उत्तर देणार होते, पण जमत नाहीये.

माझ्या लग्नाला २२ वर्षं झाली. त्यातली पहिली पंधरा-सोळा वर्षं रविवार म्हणजे घावनं. घरात आठ माणसं. घावन तव्यावरून थेट ताटात पडलं तरच खायचं, पाच मिनिटांनी त्याचं ओलं फडकं होतं. त्यामुळे सगळे टेबलाशी 'अजून एक येऊ दे' करत बसलेले आणि मी ओट्याशी. माझी पाळी येईपर्यंत ओल्या नारळाची चटणी खरवडून संपलेली आणि पीठ तळाशी बसून घट्ट झालेलं. शेवटचं घावन जाडच व्हायचं. ते मी उभ्यानेच खायचे, साखर लावून. मीही कुरकुरले नाही कधी. कोणी विचारलंच नाही.

'वीस रुपये' हा हिशोब पोह्यांचा, दाण्यांचा, फार तर गॅसचा. कांदा चिरणारीचे शून्य.

आता आम्ही साडेसातला घर सोडतो, म्हणजे रांग लागायच्या आत. कर्वे रोडला एक साधं उडुपी आहे. वेटर ओलं फडकं मारतो, टेबलावर पाण्याची एक रेघ राहते, चार ग्लास एका मुठीत बोटं बुडवून आणतो (हो, दिसतं मला) आणि विचारतो, "ताई, काय आणू?" आधी मला विचारतो. त्याचे मी दीडशे देते, इडली वर फुकट येते असं समजा.

चीजटोस्ट

+१०००. 'आया कुरकुरल्या नाहीत' हे वाक्य नेहमी मुलगेच कसे लिहितात?

अण्णा_सदाशिव

ती पोस्ट माझीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं, आम्ही काही लपून लिहीत नाही.

ताई, तुम्ही विषय भलतीकडे नेलात. माझा मुद्दा बायकांनी राबावं असा नव्हताच. मुद्दा उधळपट्टीचा आणि बेशिस्तीचा होता. आमच्या वाड्याच्या जागी इमारत झाली, खाली गाळे आले, त्यात एक कॅफे आला. रविवारी सकाळी आठला माझ्या फाटकासमोर सात दुचाक्या. मोजल्यात. एकाला म्हटलं, बाबा रे, गाडी काढ. तर म्हणतो, "काका, पाचच मिनिटं." पाऊण तासाने आला, हातात कागदी कप. तुमच्या नाश्त्याच्या स्वातंत्र्यापायी मला दूध आणायला बाहेर पडता येत नाही, त्यावर कोणी धागा काढत नाही.

बाकी घावनं आठ माणसांना एकटीने घालावी लागली हे चूकच. पण त्यावर उपाय यजमानांना ओट्याशी उभं करणं हा होता, हॉटेल नव्हे.

दुपारची_झोप

उभं केलं होतं. त्या दिवशी तवा जळला. असो.

आणि पार्किंगचा वेगळा धागा काढा, तिथे मी तुमच्या बाजूने लिहीन.

गल्ल्यावरचा

माझं ११ टेबलांचं हॉटेल आहे, सिंहगड रस्त्याला. नाव सांगत नाही, जाहिरात वाटेल.

'वीसचे पोहे दीडशेला' हे रोज ऐकतो, म्हणून एकदाच लिहितो. घरचा सिलिंडर वेगळा, माझा १९ किलोचा निळा. तुमच्याकडून ५ टक्के जीएसटी घेतो, पण त्या ५ टक्क्यांत मला इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे खरेदीवर मी भरलेला कर वजा मिळत नाही. जागेच्या भाड्यावरचे १८ टक्के मी भरतो ते गेलेच. हे नोव्हेंबर २०१७ पासून असंच चाललंय. आचारी पहाटे चारला येतो. आणि रविवारचे सकाळचे चार तास हाच माझा खरा धंदा, मंगळवारी दुपारी मी माश्या मारतो.

मग येतात लॅपटॉपवाले. एक फिल्टर कॉफी, दोन तास, चार्जिंग. बाहेर दहा माणसं उभी.

चीजटोस्ट

ती लॅपटॉपवाली मीच समजा.

मी जळगावची, बाणेरला नोकरी. खोलीत आम्ही तिघी, घरमालकीणबाईंची अट : गॅस नाही, इंडक्शन नाही, 'वास येतो'. किटलीत मॅगी करते ते चोरून. मला 'घरचा नाश्ता' हा पर्यायच नाहीये, काका. रविवारी दहाला जाते, टोस्ट आणि कॉफी घेते. २८० रुपये होतात, मला ते परवडत नाहीत, तरी जाते. कारण आठवड्यात तीच एक जागा असते जिथे खुर्चीला पाठ असते आणि समोर खिडकी असते. आईचा फोन तिथेच बसून घेते, तिला पाठीमागे कपबशांचा आवाज गेला की बरं वाटतं.

दोन तास बसते, खरंय. भाडं समजा.

ब्रून_मस्का

एका चहावर दोन तास बसणं लॅपटॉपवाल्यांनी शोधलेलं नाही हो. पुण्यातलं गुडलक १९३५ चं, मुंबईतलं कयानी १९०४ चं, दोन्ही इराणी हॉटेलं. इराण्याकडे लोक काय करत होते? पेपर वाचत होते, तोही इराण्याचाच. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बशीत ओतलेला चहा, आणि ब्रून पाव इतका कडक की चहात बुडवल्याशिवाय दात द्यायची हिंमत नाही. त्यात निम्मे लोक बेकार होते. माझे वडील त्यातलेच. नोकरीचे अर्ज त्यांनी तिथे बसून लिहिले, कारण घरी दहा बाय दहात अकरा माणसं.

इराणी त्यांना उठवायचा नाही. पाटी मात्र असायची : इथे केस विंचरू नयेत.

गल्ल्यावरचा

आणि त्यातले किती इराणी उरले ते पण सांगा की. बसू देत बसले आणि बंद पडले.

भाजीपाव

तुम्ही पुणेकर नाश्त्याचंसुद्धा पाप-पुण्य करता बुवा.

मी पणजीचा. आमच्याकडे सकाळी बाहेर खाणं हा प्रश्नच नाही. बाजाराला गेलं, मासळी घेतली, भोसले नाहीतर टाटो हॉटेलात भाजी-पाव. टाटो तर १९१३ चं. पातळ भाजी, सुकी भाजी, ज्याला ठरवता येत नाही त्याला मिक्स. वर एक बन, गोड, केळ्याचा. न्यायाधीश आणि मजूर एकाच टेबलावर, कारण दुसरं टेबल रिकामंच नसतं. घरी बायको करत नाही असा अर्थ कोणी काढत नाही. पोडर, म्हणजे पाववाला, दारात येतोच, पण भाजी ती भाजी.

बारा_गावचा_कट

कोल्हापुरातून नमस्कार. भाजी-पाव ठीक आहे, पण सकाळी बाहेर जाऊन खायची वस्तू एकच, मिसळ. आणि ती ब्रेडबरोबर. पाव नव्हे. ब्रेड. स्लाईस.

चीजटोस्ट

मिसळ'पाव' म्हणतात ना पण?

बारा_गावचा_कट

कोण म्हणतं? मुंबईवाले. आमच्याकडे मिसळ म्हणतात, विषय संपला. फडतऱ्यांकडे जाऊन पाव मागून बघा, मग कळेल. स्लाईस कट, म्हणजे मिसळीचा रस्सा, पितो. पाव नुसता फुगतो आणि पोट भरवतो. पावाने मिसळ खाणारा माणूस मिसळ खात नसतो, पाव खात असतो.

ब्रून_मस्का

ठाण्याच्या मामलेदार मिसळीच्या दुकानासमोर उभं राहून हे वाक्य म्हणा.

आणि दादरच्या आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये फूडी हबवाल्यांनी जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ ठरवलं. पावासकट.

बारा_गावचा_कट

लंडनवाल्यांनी! ज्यांनी दीडशे वर्षं राज्य करून उकडलेला बटाटा खाल्ला, त्यांनी! मग काय, घ्या, दंडवत.

दुपारची_झोप

धागा भरकटतोय.

पण स्लाईसबद्दल सहमत. नारायण पेठेत बेडेकरांकडेही ब्रेडच येतो.

बारा_गावचा_कट

ताई, ब्रेडबद्दल आभारी आहे, पण त्यात गोड असतं. त्याला मी उपमा म्हणेन.

अण्णा_सदाशिव

तोंड सांभाळून. बेडेकर १९४८ चे. माझ्या मुंजीच्या आदल्या दिवशी वडिलांनी मला तिथे नेलं होतं, मुंजीत गोडाधोडाचं होईल, आज तिखट खा म्हणून. तिखट म्हणजे जाळ नव्हे. चव कळायला जीभ शिल्लक लागते.

तर्रीबाज

नागपुरात सकाळी पोह्यांवर तर्री घेतात, चण्याची. ब्रेड-पाव दोन्ही नको. प्रश्न मिटला.

बारा_गावचा_कट

अण्णा, म्हणजे तुम्ही बाहेर नाश्ता करायचात! पोस्टमध्ये हे कुठे होतं?

अण्णा_सदाशिव

वर्षातून एकदा. आणि तेव्हा सॅम्पल मागितलं की मिळायचं. आता मेनूकार्डावर 'एक्स्ट्रा सॅम्पल ३० रुपये'. मिसळीचा रस्सा विकत! पाणी उद्या विकतील. विकतातच म्हणा.

चीजटोस्ट

यावर पहिल्यांदा अण्णांशी सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवते.

गल्ल्यावरचा

आता ऐका. तुम्हाला वाटतं रस्सा म्हणजे पाणी. मिसळीत सगळ्यात महाग रस्साच. मटकी स्वस्त, फरसाण वजनावर. पण कटाला खोबरं भाजलेलं, कांदा भाजलेला, मिरची दोन जातींची, एक रंगाला, एक जाळाला. आणि वर तो जो लाल तवंग तुम्हाला फोटोत हवा असतो, तो तेलाचा असतो. तेल वर यायला आधी आत घालावं लागतं.

एक गृहस्थ यायचे. एक मिसळ, सहा सॅम्पल, आणि घरून आणलेला ब्रेड. पिशवीतून. सहाव्याला मी नाही म्हटलं, तर सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं म्हणाले, "माणुसकी संपली." दुसऱ्या दिवशी कार्डावर ३० रुपये छापले. कोणाला दोष द्यायचा असेल तर त्यांना द्या.

बारा_गावचा_कट

ब्रेड आणला होता ना? माणूस जाणकार होता.

बाकी मालक, कट विकत म्हणजे पाप आहे पाप. आमच्याकडे कटाचं भांडं घेऊन माणूस फिरतो, नको म्हटलं तरी ओततो. तुम्हाला परवडत नसेल तर मिसळ बंद करा, उत्तप्पा विका.

गल्ल्यावरचा

तुम्ही पहाटे चारला येऊन मिरची भाजा, नाकातोंडात ठसका जाऊ दे, मग पाप-पुण्य शिकवा. गल्ल्यावर बसलेल्याला सगळे अक्कल देतात. मी कधी तुमच्या ऑफिसात येऊन सांगतो का, पगार कमी घे म्हणून?

बारा_गावचा_कट

पर्सनल होऊ नका.

गल्ल्यावरचा

'उत्तप्पा विका' हे पर्सनल नव्हतं काय?

दुपारची_झोप

दोघेही थांबा जरा. मी विचारलं होतं घरचं म्हणजे कोणाच्या हातचं. ऐंशी प्रतिसाद मिसळीवर झाले, माझ्या प्रश्नावर मोजून चार. त्यातला एक तवा जळला म्हणून मीच दिलेला. आणि मजा बघा, आचारी पहाटे चारला येतो हे ऐकून सगळे हळहळले. घरोघरी पाचला उठणाऱ्या बाईला 'कधी कुरकुरली नाही' म्हणून गुलाबाचं फूल.

चीजटोस्ट

हे मला लागलं जरा. माझी आई जळगावला अजून पाचलाच उठते. मी घरी गेले की 'तुझ्या हातचे पोहे हवेत' म्हणते आणि नऊला उठते. तिला एकदाही बाहेर नेलेलं नाही. नेलं तर पहिलं मेनूकार्डाची उजवी बाजू बघेल आणि "मला भूक नाही" म्हणेल, हे पण माहितीये.

भाजीपाव

मेनूकार्ड नसलेल्या ठिकाणी न्या. आमच्याकडे या.

अण्णा_सदाशिव

तीन दिवस लिहिणार नव्हतो, पण आमच्या घरात हा धागा वाचला गेला आहे. सौ.ने काही म्हटलं नाही. शनिवारी रात्री फक्त विचारलं, "उद्या पोहे तुम्ही करणार ना?"

केले. डब्यात दोन प्रकारचे पोहे असतात हे ६८ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी पातळ घेतले, म्हणजे दडप्यांचे. वर ते दहा मिनिटं भिजत ठेवले. मोहरी तडतडायची वाट बघत बसलो, ती काळी झाली तरी तडतडते असं वाटत होतं. शेवटी जे झालं त्याला थापून थालीपीठ करता आलं असतं. सौ.ने एक घास खाल्ला आणि पर्स शोधायला उठली.

तर आम्ही गेलो. ४० मिनिटं उभे होतो. खाणाऱ्यांच्या खुर्चीमागे उभं राहून त्यांच्या शेवटच्या घासाकडे बघायचं ही पद्धत मला आजही असभ्य वाटते, पण केली. वेटरने आधी सौ.ला विचारलं, हे ताईंचं निरीक्षण बरोबर आहे. तिने मसाला डोसा सांगितला. घरी ती तो कधी करत नाही, मला वाटायचं तिला आवडत नाही.

बिल ३१० झालं. उधळपट्टी या मुद्द्यावर मी ठाम आहे.

दुपारची_झोप

अण्णा, मान्य केलंत म्हणायचं की नाही?

अण्णा_सदाशिव

पोह्यांपुरतं.

गल्ल्यावरचा

अण्णा, एक विचारू? रविवारी सकाळी, म्हणजे साडेआठ-नऊला, तुमची स्कूटर कुठे लावली होतीत?

अण्णा_सदाशिव

एका फाटकासमोर. पण अर्धीच.