रेंज फक्त सड्यावर, गावावरच्या कातळपठारावर. टीवायची परीक्षा तिथे बसून द्यायची का?

सड्यावरची | १५ सप्टेंबर २०२०

टीवाय बीएस्सी, म्हणजे शेवटचं वर्ष, केमिस्ट्री. कॉलेज पुण्यात, मी मंडणगड तालुक्यात घरी. मार्चमध्ये कोरोनामुळे पंधरा दिवसांसाठी म्हणून दोन ड्रेस घेऊन आले. पुस्तकं, जर्नल सगळं होस्टेलवर, आणि होस्टेलचं क्वारंटाइन सेंटर झालंय. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. कौलं उडाली, पोफळी आडव्या झाल्या, वाडीत वीज यायला महिना गेला. त्या महिन्यातली लेक्चर्स बुडाली ती बुडालीच.

त्यात परीक्षेचा झोका. राज्य म्हणालं होणार नाही, ६ जुलैला यूजीसी म्हणाली सप्टेंबरअखेर घ्याच, २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टानेही परीक्षेशिवाय पदवी नाही म्हणून सांगितलं. दर बातमीला मी अभ्यासाला बसायचे, दर बातमीला उठायचे. आता ऑक्टोबरात मोबाइलवर एमसीक्यू. तीन वर्षं रिअ‍ॅक्शनच्या मेकॅनिझम पानभर काढल्या, आता चारातला एक गोल निवडायचा!

रेंज सड्यावर, एका आंब्याखालीच येते. काल सराव परीक्षेत सतराव्या प्रश्नाला चक्र फिरत राहिलं आणि वरून पावसाची सर. बाबा म्हणतात, "सारखी मोबाइल घेऊन वर कशाला जातेस?" रात्री झोप नाही. येणारं उत्तर दाबतानाही हात कापतो. एसटी सुरू झालीय. पुण्याला जाऊ का? तिथले आकडे बघून आई सोडेल असं वाटत नाही.

जुनाजाणता: आम्ही कंदिलावर शिकलो. आजकालच्या पोरांना जरा म्हणून सोसत नाही.

लातूरकर: काका, कंदिलाला रेंज लागत नव्हती.

खडूफळा: मी शिकवते, म्हणून सांगते. बहात्तर नावं स्क्रीनवर असतात, चेहरा एकाचाही नाही. त्यातली कोण झाडाखाली बसलीय ते आम्हाला कळत नाही गं, म्हणून तूच कळव. काही ठिकाणी ऑफलाइनचा पर्याय दिलाय, तुमच्याकडे आहे का ते आजच विचार. पेपर मध्येच तुटला तर वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून त्याच दिवशी मेल टाक. आणि हात कापतो हे घरी सांगितलंयस का?

लातूरकर: ऑरगॅनिकच्या नोट्स माझ्याकडे आहेत. फोटो बारीक करून पाठवतो, डेटा कमी जाईल. अक्षर मात्र गोड मानून घे.

सड्यावरची: मॅडम, विचारलं. ऑफलाइनची लिंक आली होती, मुदत परवा संपली. मी पाहिली आज, आंब्याखाली. तरी अर्ज मेल केलाय.

काल बाबांना हा धागा वाचून दाखवला. कंदिलवाल्या काकांपाशी ते हसले, तुमच्या शेवटच्या प्रश्नापाशी गप्प झाले. आज सकाळी न सांगता ग्रामपंचायतीत जाऊन आले. तिथे नेट आहे, ग्रामसेवक एक खोली देतो म्हणालेत. इन्व्हर्टर नाही, म्हणून बाबा आता कुणाची बॅटरी मिळते का बघतायत.

लातूरकर, पान सहा वाचता येत नाहीये. पुन्हा पाठव.